पिग्मी सुटली, गेम घ्यावा का?

प्रश्न: आम्ही बेळगावच्या वडगावात राहतो. यजमान उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर आहेत, मी घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिन्याला ३५,००० येतात. घरखर्च २५,०००, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ४,२००, विम्याचे महिन्याला सरासरी २,००० आणि पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी भरायची बचत, दिवसाला ५० रुपये. वर्षाची पिग्मी आता सुटते आहे, १८,६०० हातात येतील. बँकेत १६,००० आहेत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. सुट्टीत दोघं मोबाईल सोडत नाहीत, म्हणून टीव्हीवर हात हलवून खेळायचा, कोडी सोडवायचा गेम घ्यावा असं वाटतं. एका दुकानात जुना निंटेंडो वी, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, दोन रिमोट आणि ‘बूम ब्लॉक्स’ या गेमसकट ६,५०० सांगितला. दुसरीकडे त्याच कंपनीचं नंतरचं यंत्र, निंटेंडो स्विच, २४,००० ला, सहा हप्त्यांत, ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी. जूनमध्ये दोघांच्या शाळेला ९,००० लागतील. खालच्या मजल्यावरच्या जाऊबाई निम्मे पैसे घालते म्हणतात. काय करावं?

उत्तर: ताई, नमस्कार. घ्या, पण वी घ्या, आणि सगळं मिळून ६,००० च्या आत बसला तरच घ्या. हा आकडा कुठून आला ते आधी सांगतो.

पिग्मीच्या १८,६०० मधले ९,००० शाळेचे म्हणून आजच बाजूला काढा. जूनच्या पगारातून भरू असं मनात असेल तर ते सोडा. तुमच्या हिशेबात महिन्याअखेर जेमतेम २,३०० शिल्लक राहतात, आणि लग्नसराई संपून आषाढ लागला की शिवणकामही मंदावतं. उरले ९,६००. बँकेतले १६,००० म्हणजे तुमचा एक महिनाही नाही. घरखर्च आणि कर्जाचा हप्ता मिळूनच २९,२०० होतात. म्हणून त्यात निदान ३,६०० घाला. राहिले ६,०००. पिग्मी लगेच पुन्हा सुरू करा आणि पुढच्या वर्षी सुटेल ती पूर्ण अडीअडचणीसाठी ठेवा. ही शिल्लक शक्यतो बँकेत ठेवा. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकांनाही तो लागू आहे; पतसंस्था किंवा क्रेडिट सोसायटीतल्या ठेवीला नसतो.

स्विचचा हप्ता महिन्याला ४,०००. तुमच्याकडे उरतात २,३००. पिग्मी बंद केली तरी २०० रुपये कमीच पडतात. इथेच तो विषय संपतो, तरी ‘नो कॉस्ट’चं गणित करून बघा, कारण मिक्सर, फ्रीज घेतानाही ते उपयोगी पडेल. त्याच दुकानात रोख भाव विचारा. समजा २२,५०० सांगितला, तर हप्त्याने जाणारे जादा १,५०० हे व्याजच. पैसे सहा महिन्यांत थोडे थोडे फिटत असल्याने हा दर वर्षाला २२ टक्क्यांच्या वर जातो. त्यावर ३०० रुपये प्रोसेसिंग फी लावली तर २७ टक्क्यांच्या आसपास. शिवाय निंटेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, म्हणजे कंपनीची वॉरंटीही नाही. दुकानदाराच्या शब्दावर २४,००० अडकतात. स्विचच्या कंट्रोलरवरची दिशा देणारी काडी काही काळाने हात न लावताही हलवल्यासारखी वागायला लागते, हा त्याचा जुना आणि सर्वांना माहीत असलेला दोष आहे. कोणी स्वस्तात ‘स्विच लाइट’ दाखवला तर तोही नको: तो टीव्हीला लागत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत.

वी २००६ सालचं यंत्र आहे, पण तुम्हाला हवा तो खेळ त्यात खरोखर आहे. बूम ब्लॉक्समध्ये ठोकळ्यांचा रचलेला मनोरा असतो. रिमोट हातात धरून चेंडू फेकायचा किंवा एकेक ठोकळा अलगद ओढून काढायचा. कुठे मारलं की काय कोसळेल हे आधी ओळखावं लागतं. चौघं पाळीपाळीने खेळू शकतात, वाचायला फार नसतं, त्यामुळे सात वर्षांचा मुलगा आणि घरातली मोठी माणसं एकाच खेळात बसतात. दुसरा शोधण्यासारखा गेम ‘कोरोरिन्पा’: मनगट वळवलं की अख्खा चक्रव्यूह कलतो आणि गोटी घरंगळत शेवटाला न्यायची. या दोन्हींना साधा रिमोट पुरतो. २००९ नंतरच्या काही गेमना ‘मोशन प्लस’ नावाचा जादा भाग लागतो. डबीवर तसं लिहिलं असेल तर तो भाग सोबत आहे का ते बघूनच पैसे द्या.

पैशाच्या दृष्टीने डिस्कवरच्या गेमची मला पटणारी गोष्ट ही की त्याचा खर्च विकत घेतला त्या दिवशी संपतो. मोबाईलवरचे बरेचसे ‘फुकट’ गेम आतल्या आत नाणी, जादा जीव, नवे टप्पे विकत राहतात, आणि पैसे जातात ते तुमच्या खात्यातून. मुलं मोबाईल वापरतातच, तेव्हा प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आजच चालू करा. चुकून खरेदी झालीच तर ४८ तासांच्या आत परतावा मागता येतो.

६,००० मध्ये बसवायचं कसं? ६,५०० हा नुसता यंत्र, दोन रिमोट आणि गेमचा भाव आहे. वीला पिवळी, पांढरी, लाल अशी तीन टोकांची वायर असते. तुमच्या टीव्हीला तशी भोकं नसतील तर एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर लागेल, साधारण ५०० धरा. रिमोटला प्रत्येकी दोन पेन्सिल सेल लागतात. सुट्टीत रोज खेळलं की ते पटापट संपतात, म्हणून चार चार्जिंगचे सेल आणि चार्जर, साधारण १,०००. म्हणजे यंत्र, दोन रिमोट आणि गेम ४,५०० ला पडायला हवं. इतक्या जुन्या मालावर घासाघीस करायला पूर्ण वाव आहे. ‘हार्ड डिस्कमध्ये शंभर गेम भरून देतो’ म्हणून भाव चढवत असतील तर त्या शंभराची किंमत शून्य धरा. त्या चोरीच्या प्रती असतात, आणि त्या चालवण्यासाठी यंत्रात केलेली फेरफार बिघडली की जबाबदार कोणी नसतो. ‘पुढे ऑनलाइन गेम घेता येतील’ हेही खरं नाही. वीचं ऑनलाइन दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं.

दुकानात जाताना यजमानांना सोबत न्या, मशीनवर काम करणाऱ्या माणसाची नजर इथे कामी येते. सगळ्यात आधी अडॅप्टर उलटा करून त्यावरचा इनपुट वाचा. २३० व्होल्ट लिहिलेलं हवं. अमेरिकेतून आलेल्या वीचा अडॅप्टर १२० व्होल्टचा आणि जपानचा १०० चा असतो. आपल्या प्लगात घातला की जळतो. त्याच वेळी डिस्कचा विभाग जुळतो का ते बघा. युरोपची डिस्क अमेरिकेच्या यंत्रात चालत नाही. युरोपच्या डबीवर वयाची खूण ‘पेगी’ची असते, अमेरिकेच्या डबीवर ‘ईएसआरबी’ची. हा घोळ जुन्या मालात नेहमी होतो, कारण यंत्र एका नातेवाइकाकडून आणि गेम दुसऱ्याकडून आलेले असतात.

मग रिमोटची सेलची झाकणं उघडा. आत पांढरी किंवा हिरवी पूड दिसली तर सेल गळून पत्रे खराब झाले आहेत, तो रिमोट बदलून मागा. गेम लावून निदान अर्धा तास खेळा. जुन्या वीची लेन्स थकलेली असेल तर सुरुवातीला चालतं आणि यंत्र तापल्यावर ‘डिस्क वाचता येत नाही’ असं येतं. डिस्क आत जाताना, बाहेर येताना घरघर होते का ते ऐका. दोन्ही रिमोट एकाच वेळी जोडून दाखवायला सांगा: रिमोटच्या सेलच्या खणात एक लाल बटण आहे, यंत्राच्या पुढच्या छोट्या झाकणाखाली दुसरं, एकामागोमाग दाबली की जुळतात. रिमोटच्या मनगटाच्या दोऱ्या मागून घ्या. घामाने रिमोट सुटून टीव्हीवर गेला तर तुमचं नुकसान गेमच्या किमतीच्या कितीतरी पट होईल, आणि लहान खोलीत ते सहज घडू शकतं. दोरी मनगटात घातल्याशिवाय खेळ नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

वीसोबत येणारी, टीव्हीखाली ठेवायची पट्टी म्हणजे नुसते इन्फ्रारेडचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे. बघणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला असतो. त्यामुळे टीव्हीच्या शेजारी देवघर असेल आणि समई पेटलेली असेल तर रिमोटने फिरणारी पडद्यावरची हाताची खूण भरकटते, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड येतं. टीव्हीमागच्या खिडकीतून ऊन येत असेल तरी तेच. पडदा ओढा, समईची वेळ सांभाळून खेळा आणि टीव्हीपासून एक ते अडीच मीटरवर उभे रहा. ‘रिमोट बिघडला’ म्हणून दुकानात दोनशे रुपये घालवण्याआधी एवढं तपासा.

विजेची काळजी नको. वी आणि ३२ इंची एलईडी टीव्ही मिळून साधारण ७० वॉट घेतात; रोज दीड तास धरला तर महिन्याला तीन युनिटच्या आसपास. तरीही हेस्कॉमच्या वीजबिलावर तुमची गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटकच्या मोफत विजेच्या योजनेची, पात्र युनिटं बघून घ्या. तुमचा वापर त्या मर्यादेला टेकलेला असेल तर वरच्या युनिटांचे पैसे लागतात, आणि २०० ओलांडली की अख्खं बिल भरावं लागतं. मे महिन्यात पंखे जास्त चालतात, तेव्हा हे जास्त लक्षात ठेवा.

दुकानात भाव उतरला नाही तर तुम्ही ऑनलाइन जुना माल बघाल. तिथे बेळगावात एक फसवणूक सहज खपते: ‘कॅम्पातला जवान आहे, बदली झाली, सामान स्वस्तात काढतोय, पैसे आगाऊ पाठवा.’ मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्याच गावात असल्यामुळे शंका येत नाही. वस्तू टीव्हीला लावून चालवून बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. गेलेच पैसे तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

खरेदीआधी पंधरा दिवस एक चाचणी घ्या, फुकटची. मोबाईल कलवून गोटी नेण्याचा एखादा साधा गेम उतरवा. त्याला लागणारा सेन्सर स्वस्त फोनमध्येही असतो. टीव्हीवर कास्ट करून खेळू नका, चित्र मागे पडतं आणि हात-डोळ्यांचा मेळ बसत नाही. जेवणानंतर अर्धा तास चौघं पाळीने खेळा. आठवड्याभरात मुलगी ‘मला माझाच खेळ दे’ म्हणत परत स्वतःच्या कोपऱ्यात गेली, तर वीसुद्धा जुलैत माळ्यावर जाईल. दोघं भावंडं एकमेकांना ‘अगं असं वळव’ म्हणून शिकवायला लागली, तर घ्या. शाळा मेअखेर सुरू होतात, त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निर्णय झाला तरच सुट्टी हाताशी लागते. तोवर ४,५०० चा सौदा जमला नाही तर दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत थांबा. जुन्या यंत्राचा भाव तोवर चढणार नाही.

जाऊबाईंचं मन मोठं आहे, पण यंत्रात निम्मे पैसे घेऊ नका. उद्या लेन्स गेली तर दुरुस्ती कोणी करायची, किंवा एक कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं तर ते कोणाकडे, यावरून चांगल्या नात्यात कटुता येते. यंत्र तुमचं राहू दे. त्यांना चार्जिंगचे सेल आणि चार्जर घ्यायला सांगा, जमलं तर कोरोरिन्पाची डिस्क. या वस्तू त्यांच्या, हव्या तेव्हा त्या घेऊन जाऊ शकतात. सेलचे हजार त्यांनी घातले, तर तुमच्याकडे यंत्रासाठी ५,५०० पर्यंत मोकळीक राहते. ही गोष्ट दुकानदारासमोर मात्र बोलू नका.