घड्याळाचं मागचं झाकण परत बसत नाही, किती जोर लावू?

सेल बदलायला झाकण काढलं, आता एक बाजू दाबली की दुसरी वर येते, अंगठे दुखायला लागले, पकडीने दाबू का असं तुम्ही विचारलंय. पक्कड नको, हातोडी तर मुळीच नको. तुमच्या वर्णनावरून जोर कमी पडतोय असं वाटत नाही, मध्ये काहीतरी अडतंय. ते काय आहे हे कळेपर्यंत आणखी दाबू नका.

झाकण पूर्ण काढून उजेडात त्याची आतली बाजू बघा. काठाने एक उभी कड फिरलेली दिसेल, तीच केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या चौकटीत, घट्ट अडकते. पुष्कळ झाकणांच्या या कडेत एका ठिकाणी खाच ठेवलेली असते. ती चावीच्या दांडीसाठी. चावी तीनच्या आकड्यापाशी असेल तर खाचही नेमकी तिथेच आली पाहिजे. घड्याळ पालथं घातलं की चावी डाव्या हाताला जाते, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. खाच जराशी जरी सरकली तरी कड थेट दांडीवर टेकते. तरीही दाबत राहिलात तर दांडी वाकते आणि चावी नीट फिरत नाही. मागची अक्षरं सरळ दिसतात म्हणजे झाकण बरोबर लागलं, असं धरून चालू नका. खाच बघा.

खाच जुळत असेल तर संशय सेलवर. जुन्या आणि नव्या सेलवरचे आकडे ताडून बघा. ६२१ आणि ६२६ हे दोन्ही सेल ६.८ मिलिमीटर रुंद, वरून बघितले तर अगदी सारखे. पण शेवटचे दोन अंक जाडी सांगतात: एक २.१ मिलिमीटर, दुसरा २.६. हा अर्धा मिलिमीटर झाकण अडवायला भरपूर झाला. आकडे जुळत असतील तर सेल त्याच्या पट्टीखाली नीट अडकलाय ना आणि मशीनभोवतीची प्लॅस्टिकची रिंग कुठे वर आली नाही ना, हे पाहा. आणि एवढं उघडलंच आहे तर सेकंद काटा चालतोय का तेही आत्ताच बघून घ्या.

झाकण आणि केस यांच्यामधली रबरी रिंग खोबणीत सपाट बसली पाहिजे. पिळलेली किंवा कडेखाली चिमटलेली रिंग एका बाजूने झाकण उचलून धरते. रिंग फुगून खोबणीपेक्षा मोठी झाली असेल किंवा कडक पडली असेल तर त्याच मापाची नवी घाला. रिंगला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवलं की झाकण सरकून बसतं. त्याऐवजी घरातलं तेल किंवा व्हॅसलीन नको.

आता दाबण्याबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतोय. वडिलांच्या घड्याळाची काच माझ्या हातून गेली आहे. छोटा हातप्रेस होता, खालचा डाय (घड्याळ ज्यावर टेकतं ती चकती) काचेपेक्षा लहान निवडला गेला, म्हणजे सगळा दाब काचेवर. मी दांडा ओढला, टक् आवाज आला, मला वाटलं झाकण बसलं. उलटून पाहिलं तर चारपासून आठपर्यंत केसाएवढी रेघ गेलेली. झाकण अजून उघडंच होतं. वडील काही बोलले नाहीत, पण ती रेघ मला अजून दिसते.

म्हणून आधार कायम काचेबाहेरच्या धातूच्या काठाला द्या, काच अधांतरी राहू द्या. बाटलीचं जाड प्लॅस्टिकचं बूच योग्य मापाचं मिळालं तर उपडं घड्याळ त्याच्या कडेवर छान टेकतं. बूच काचेहून थोडं मोठं हवं. पट्टा काढून ठेवा, चावी आत दाबलेली असू द्या, झाकणाची आतली बाजू मऊ कापडाने पुसा. खाच दांडीवर जुळवा आणि ती बाजू एका अंगठ्याने दाबून धरा. तो अंगठा उचलायचा नाही. दुसरा अंगठा काठाकाठाने थोडा थोडा सरकवत समोरच्या बाजूला न्या आणि शेवटी तिथे सरळ खाली दाबा. मधोमध दाबलं तर पातळ झाकण नुसतं खोल जातं, कड बसत नाही. बसलं की आवाजाबरोबर अंगठ्यालाही कळतं. मग नख सगळीकडून फिरवा, फट सारखी लागली पाहिजे.

झाकणाखालची रिंग रबराऐवजी कडक प्लॅस्टिकची असेल तर अंगठ्यांनी ती सहसा हार मानत नाही. तिथे प्रेसच लागतो. वरचा डाय झाकणाहून किंचित लहान, म्हणजे दाब काठाजवळ पडेल. खालचा काचेहून मोठा. काच फुगीर असेल तर खालचा डाय खोलगटही हवा. दांडा हळू ओढा, अडलं की थांबा.

घरी बसवलेलं झाकण पाणी अडवेल असं मात्र धरू नका. मागे ३० मीटर लिहिलेलं असलं तरी तो दाबाच्या चाचणीचा आकडा आहे, तेवढ्या खोल पाण्यात जायची परवानगी नाही. झाकण उघडल्यावर ती चाचणी नव्याने होईपर्यंत नळाखाली हात धुतानाही घड्याळ काढून ठेवा.

एवढं सगळं करूनही एकच जागा उघडी राहत असेल तर झाकण उघडताना सुरी कुठे घातली होती ते आठवा. तिथे कड वाकलेली सापडेल, भिंगातून लगेच दिसते. ती पकडीने सरळ करायला जाऊ नका, झाकणासकट घड्याळ घड्याळजीला दाखवा.