उजवी नाकपुडी

"पिल्लाचं नाक वाहतंय, हेही जाणार का?" कुडाळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दरवर्षी येतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आधी गेलेलं एखादं पिल्लू असतं.

मालवणजवळच्या एका काकींचं तसंच होतं (ओळख बदलली आहे). पहिलं पिल्लू डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने गेलं. "तेव्हाच नेलंय असतंय तर तो वाचलो असतो," दोन भेटींत त्या एवढंच बोलल्या. आता नवं पिल्लू शिंकलं तरी रात्रभर जागायच्या, सारखं नाक पुसायच्या.

"काही होणार नाही" असा धीर मी देत नाही. पुढे काही झालंच तर तो माणसाला आणखी खचवतो. मी नीट पाहायला शिकवते. पशुवैद्यांकडून समजून घेतलेलं त्यांना सांगितलं. दोन्ही नाकपुड्यांतून पाण्यासारखं पातळ येतंय, पण पिल्लू खेळतंय, जेवतंय, तर चुलीचा धूर किंवा धूळही कारण असेल. दिवसभर लक्ष ठेवा. पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड, डोळ्यांत चिपडं, ताप, खोकला, खाणं बंद, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. घरातली पॅरासिटामॉल कधीच द्यायची नाही. डिस्टेंपरच्या विषाणूवर थेट औषध नाही, म्हणून पिल्लू 6 ते 8 आठवड्यांचं असताना लस सुरू करायची आणि ते किमान 16 आठवड्यांचं होईपर्यंत डोस चालू ठेवायचे. सुरुवातीला डिस्टेंपर साध्या सर्दीसारखाच दिसतो.

इथे काकी थांबल्या. "म्हणजे डॉक्टरांकाय पयल्या दिवशी कळला नसता?"

"नुसतं नाक बघून, नाही."

खूप वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार वर्षांनी जमलंय. त्यांना दोष देणारा आवाज आतला होता. माझ्या समजुतीने तो थांबला नसता, एका साध्या माहितीने थांबला. भीतीला आम्ही मग एक काम दिलं. सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचं: कुठली नाकपुडी, रंग कसा, जेवला का.

भातकापणीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. आवाज घाबरलेला नव्हता. "उजव्याच नाकपुडीतसून येता, रगात पण आसा. डावी सुकीच. कायतरी आत गेला आसतला." त्या थेट दवाखान्यात गेल्या होत्या. डॉक्टरांनी गवताचं कुसळ काढलं.

पुढच्या भेटीत काकींनी पहिल्या पिल्लाचं नाव प्रथमच उच्चारलं. मोती. पडवीत सुपाऱ्या सुकत घातल्या की पळवायचा, म्हणाल्या.