हा ‘हॅड’ कुठून आला?

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ठाणे स्टेशनवरचा तुझा निबंध काल दुपारी वाचला. लाल शाईने इतका रंगवलाय की वही उघडताच हिरमुसशील, म्हणून आधी हे पत्र वाच.

तुझी पहिलीच ओळ: ‘इन १८५३ फर्स्ट ट्रेन हॅड कम टू ठाणे.’ १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून गाडी इथे आली, माहिती चोख. पण हा ‘हॅड’ कुठून आला? आपण म्हणतो, ‘मी काल दादरला गेले होते.’ गेले, परत आले, विषय संपला, तरी ‘होते’ लागतंच. त्या ‘होते’चा तू ‘हॅड’ केलास. इंग्रजीत साल सांगितलं की साधं ‘केम’ पुरतं. दोन गोष्टी घडून गेल्या आणि आधीची कुठली हे दाखवायचं, तेव्हा ‘हॅड’: मी फलाटावर पोचले, तोवर गाडी सुटली होती, ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. हे तर तुझं रोजचंच!

‘सिन्स टू इयर्स’चीही तीच गत. आपल्या ‘पासून’ला ‘दोन वर्षांपासून’ चालतं, ‘२०२३पासून’ही चालतं. इंग्रजीत सुरुवात सांगितलीस तर ‘सिन्स’, मुदत सांगितलीस तर ‘फॉर’. ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ येतो, कारण ‘जरी’मागून ‘तरी’ आल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. खोड तो. ‘डिस्कस’पुढचा ‘अबाउट’ही खोड.

‘अ’ आणि ‘द’ मात्र वेळ खातील. मराठीत ते नाहीतच, पण त्यांचं काम आहे. श्रावणातली कहाणी आठव: आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा भेटला तो ‘एक राजा’, ‘अ किंग’. ओळख झाली की ‘तो राजा’, ‘द किंग’. सगळीकडे हे पुरत नाही. पहिली गाडी एकच, म्हणून तुझ्या त्या ओळीत ओळखपाळख नसतानाही ‘द फर्स्ट ट्रेन’च हवं.

‘ठाणे’चा ‘टी’ चार ठिकाणी लहान काढलायस. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नसतं आणि मोबाइल ते आपोआप करून देतो. परीक्षेत पेन देत नाही.

मी पहिल्या नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम हॅविंग बी.ए. डिग्री’ लिहिलं होतं. मुलाखतीला बसलेल्या बाईंनी ‘हॅविंग’खाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. नोकरी मिळाली. ती रेघ अजून डोळ्यांपुढे आहे.

निबंध पुन्हा लिही. डाव्या पानावर मनात आलेलं मराठी वाक्य, उजव्या पानावर इंग्रजी. मराठीची लाज धरून डावं पान कोरं ठेवू नकोस, मला तेच आधी वाचायचंय. रविवारी सकाळी मी तलावपाळीला फिरायला असते, वही तिथेच दे. आठच्या आत ये, नंतर ऊन होतं.

तुझी,
बाई