एका विक्रमावरून देश तापला म्हणावं का?

प्रश्न : कुवेतमधल्या मित्रिबाह इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. यावरून तिथलं हवामान तापत चाललंय असं म्हणता येईल?

उत्तर : एका दिवसावरून नाही. रोजच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढा, तिच्यावरून महिन्याची, मग वर्षाची. प्रत्येक वर्षाच्या आकड्यातून १९९१ ते २०२० ची सरासरी वजा करा. असे निदान तीस वर्षांचे फरक आलेखावर मांडले, तरच कल दिसतो. फसगत होते ती नोंदकेंद्रामुळे. जागा बदलली, की आकडे उगाच वर किंवा खाली सरकतात; भोवती डांबर-काँक्रीट वाढलं, की रात्रीचं किमान तापमान फुगतं. म्हणून मोकळ्या वाळवंटातल्या केंद्राशी ताडून पाहाच. उन्हाळ्यातले महिने गहाळ असतील तर ते वर्ष सरळ वगळा. नाहीतर ते उगाच थंड दिसेल.