ट्रॅफिक पाचपट, ऑर्डर तेवढ्याच: परदेशी आयपी सरसकट ब्लॉक करू का?

नका करू. तुमची दिवाळी अंकांची साइट आहे, ट्रॅफिक फुगलंय आणि सर्व्हर दमतोय. परदेशी आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) सरसकट ब्लॉक करा, हे होस्टिंगवाल्याचं ऐकलंत तर न्यू जर्सीत बसून पुण्यातल्या आईवडिलांसाठी अंक मागवणारे आधी बाहेर पडतील आणि बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, भारतीय आयपी घेऊन परत येतील. घरगुती कनेक्शनं भाड्याने मिळतात. मे २०२४ मध्ये अमेरिकेने '९११ एस५' हे जाळं बंद पाडलं, त्यात १.९ कोटी आयपी होते. फुकटचं व्हीपीएन टाकलेल्या साध्या लोकांचे संगणक ते. त्यांना काही कल्पनाच नव्हती.

सुटे आयपी ब्लॉक करतानाही जपून. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे कितीतरी ग्राहक असतात.

आधी सर्व्हरचा ॲक्सेस लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंदवही, उघडा. आकडा फक्त ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या सेवेत) फुगलाय आणि लॉगमध्ये नाही, तर कुणीतरी थेट ॲनालिटिक्सलाच खोट्या नोंदी पाठवतंय. चीड येते, पण त्याने सर्व्हर दमत नाही. तुमचा दमतोय, म्हणजे लॉगमध्ये काहीतरी सापडणारच. कोणत्या पानांवर मारा आहे ते बघा. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर किंवा एक्सएमएल-आरपीसीवर (बाहेरच्या ॲपना साइटशी बोलू देणारं वर्डप्रेसचं दार) असेल तर पासवर्ड लावून बघणं चाललंय. शोध आणि फिल्टरच्या पानांवर असेल तर कुणीतरी अख्खा कॅटलॉग उपसतंय. माझा अंदाज कॅटलॉग उपसण्याचाच, कारण ही पानं कॅशमधून (आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून) जात नाहीत, प्रत्येक वेळी डेटाबेसला उठावं लागतं.

लॉगमध्ये 'गूगलबॉट' (गूगल शोधासाठी पानं वाचणारा बॉट) असं नाव दिसलं म्हणून सोडू नका, ते नाव कुणीही लावतं. आयपीवरून उलटं डीएनएस बघा, म्हणजे त्या आयपीमागचं होस्टचं नाव शोधा: होस्टचं नाव गूगलच्याच डोमेनचं हवं, आणि त्या नावावरून परत तोच आयपी यायला हवा. नाही आला तर खुशाल हाकला. रोबोट्स फाइलवर (बॉटनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) मात्र विसंबू नका. १९९४ पासूनचा तो सभ्यतेचा करार आहे, चोरांसाठी लावलेली 'आत येऊ नये'ची पाटी.

मग शोध आणि लॉगिनवर वेगमर्यादा घाला (एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये दोन-तीन ओळींचं काम). मर्यादा ओलांडणाऱ्याला ४२९ ('फार विनंत्या झाल्या' असं सांगणारा कोड) जाऊ दे. अंकांची पानं कॅश करा. निम्मी धाप तिथेच कमी व्हावी. एक्सएमएल-आरपीसी कुठलं प्लगिन किंवा मोबाइल ॲप वापरत नसेल तर बंद करून टाका. कॅप्चा फक्त लॉगिन आणि पेमेंटच्या पानावर ठेवा. सत्तरीतल्या वाचकाला अंक चाळण्याआधी सिग्नलचे दिवे ओळखायला लावायचे, हा शुद्ध छळ आहे.

आणि साइटवर जाहिराती असतील तर हल्ली कुणाकडून 'ट्रॅफिक वाढवून देतो' असलं पॅकेज घेतलंय का, ते घरात विचारा. असं ट्रॅफिक बहुतेकदा बॉटचंच असतं आणि जाहिरातीचं खातं बंद होऊ शकतं. 'मेथबॉट' हे जाहिरातींचे खोटे व्ह्यू बनवणारं बॉटचं जाळं चालवणाऱ्या झुकोव्हला त्यापायी २०२१ मध्ये अमेरिकेत १० वर्षांची शिक्षा झाली.

लॉगमधल्या गर्दीच्या वेळच्या पन्नासेक ओळी इथे टाका, ग्राहकांचे आयपी झाकून. म्हणजे नेमका नियम सांगता येईल.