मांसाची प्रत ठरवणारा शेवटचा दिवस

प्रश्न : मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. पुढे मांसतंत्रज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेऊन वराहमांसाच्या गुणवत्तेवर काम करावे, असे मनात आहे. घरच्यांचे म्हणणे असे, की जनावराची जात चांगली आणि खाद्य चांगले असले की मांस चांगलेच असणार. त्यात दोन वर्षे शिकण्यासारखे काय आहे? शिवाय मी स्वतः मांस खात नाही. तरीही या क्षेत्रात जावे का?

उत्तर : तुमच्या घरच्यांचे म्हणणे चुकीचे नाही, अपुरे आहे. जात आणि खाद्य यांमुळे चांगले मांस मिळण्याची शक्यता निर्माण होते; ती शक्यता प्रत्यक्षात उतरते की वाया जाते, हे मात्र बऱ्याच अंशी जनावराच्या आयुष्याचा शेवटचा दिवस आणि मृत्यूनंतरचे पहिले काही तास यांत ठरते. अनेक महिने उत्तम सांभाळलेल्या डुकराचे मांस शेवटच्या काही मिनिटांच्या धसमुसळेपणाने बिघडू शकते. ते का बिघडते, याचे उत्तर पशुपालनापेक्षा तुमच्याच विषयाच्या पुस्तकात अधिक सापडेल.

जिवंत स्नायूचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) 7 च्या आसपास असतो. रक्तप्रवाह थांबल्यावर स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो, पण त्याच्या पेशींचे काम त्याच क्षणी थांबत नाही. ग्लायकोजेन या साठवलेल्या कर्बोदकातून त्या काही काळ ऊर्जा मिळवत राहतात आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साचत जाते. सारे सुरळीत असेल तर सामू सावकाश उतरत सुमारे 24 तासांनी 5.5 ते 5.8 च्या दरम्यान स्थिरावतो, आणि तोवर मांस थंडही झालेले असते. असे मांस गुलाबीसर लाल व घट्ट असते आणि आपल्यातले पाणी धरून ठेवते.

जनावर कत्तलीच्या अगदी आधी घाबरले, हाकलले गेले किंवा आपसांत झुंजले, तर हीच क्रिया वेगाने घडते आणि पहिल्या 45 मिनिटांतच सामू 6 च्या खाली जातो. त्या वेळी स्नायूचे तापमान मात्र अजून जिवंत शरीराइतके असते. आम्ल आणि उष्णता एकाच वेळी वाट्याला आल्याने प्रथिनांची मूळ घडण मोडते आणि स्नायूच्या सुमारे तीन चतुर्थांश भाग असलेले पाणी धरून ठेवण्याची त्यांची क्षमता घटते. मांस फिकट आणि मऊ पडते, त्यातून पाणी झिरपते, वजन घटते आणि शिजवल्यावर ते कोरडे लागते. याला पीएसई (पेल, सॉफ्ट, एक्झुडेटिव्ह म्हणजे फिकट, मऊ, पाझरणारे) मांस म्हणतात. याउलट लांबचा प्रवास, उपासमार किंवा अनोळखी कळपातील मारामाऱ्या यांमुळे जनावर दीर्घकाळ तणावाखाली राहिले, तर ग्लायकोजेन आधीच संपून जाते, आम्ल पुरेसे तयार होत नाही आणि अंतिम सामू 6 च्या वरच राहतो. हे गडद, कडक आणि वरून कोरडे दिसणारे डीएफडी (डार्क, फर्म, ड्राय) मांस पाणी चांगले धरून ठेवते. पण त्याचा सामू जिवाणूंना मानवतो, म्हणून ते लवकर नासते. एकाच भीतीचे, ती किती वेळ टिकली यावरून, असे दोन परस्परविरुद्ध परिणाम व्हावेत, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

जातीचा मुद्दा मी टाळत नाही. काही डुकरांच्या स्नायूंतील कॅल्शियम सोडणाऱ्या मार्गिकेच्या जनुकात एका अक्षराचा बदल असतो. तो 1991 मध्ये निश्चित झाला. अशी डुकरे थोड्याशा तणावानेही पीएसई मांस देतात, प्रसंगी वाटेतच दगावतात. याच बदलामुळे जनावर मांसल आणि कमी चरबीचे होत असल्याने, कमी चरबीसाठी निवड करणाऱ्या पैदासकारांनी नकळत हा दोषही वाढवला. हॅम्पशायर जातीत आढळणारा दुसरा एक बदल स्नायूतील ग्लायकोजेनच वाढवतो. तेथे सामू वेगाने नाही, पण नेहमीपेक्षा खोल उतरतो. स्नायूतील मुख्य प्रथिनांचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या सामूला त्यांच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होऊन ती सर्वांत कमी पाणी धरतात तो, 5 च्या जवळ आहे, हे आठवले तर त्या मांसातून पाणी का गळते, हे तुम्हाला कोणी समजावून सांगावे लागणार नाही. ड्युरॉक जातीच्या स्नायूंत चरबीचे बारीक धागे अधिक असतात, आणि मांसाच्या रसाळपणाला त्यांची मदत होते.

खाद्याचा ठसा चरबीवर सर्वांत स्पष्ट उमटतो. डुक्कर रवंथ करणारे नसल्याने खाद्यातील मेदाम्ले त्याच्या शरीरात फारशी न बदलता साठतात. लिनोलेइक आम्ल हे असंतृप्त मेदाम्ल जास्त असलेले खाद्य दिले तर चरबी मऊ होते आणि लवकर खवट होते. खच्ची न केलेल्या, वयात आलेल्या नराच्या मांसाला कधी कधी जो उग्र वास येतो, तो चरबीत साचलेल्या अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन संयुगांचा. पहिले वृषणांत तयार होते, तर दुसरे मोठ्या आतड्यातील जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तयार करतात. निरोगीपणा, परजीवींची तपासणी आणि स्वच्छता ही गुणवत्तेच्याही आधीची अट आहे. ती पूर्ण होत नसेल तर बाकीची चर्चाच निरर्थक ठरते.

आता तुमच्या निवडीविषयी. ‘मांसतंत्रज्ञान’ या एका नावाखाली तीन वेगळी कामे येतात. जनावराच्या बाजूने काम करायचे असेल, तर पैदास, पोषण आणि तपासणी या जागा मुख्यतः पशुविज्ञान किंवा पशुवैद्यक शिकलेल्यांकडे जातात, आणि तेथे तुमची पदवी कमी पडेल. वाहतूक, विश्रांती, कत्तल आणि शीतकरण यांवर देखरेख करणाऱ्या कामाला प्रत्यक्ष जागेवरचा अनुभव लागतो. तिसरे काम मोजमापाचे : सामू, रंग, पाण्याची गळती, तंतू कापण्यास लागणारे बल, चरबीतील मेदाम्ले आणि गंधसंयुगे. रसायनशास्त्राच्या पदवीधराने येथून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेश घेण्यापूर्वी संबंधित विभागाकडे प्रायोगिक कत्तलगृह आहे का, हे अवश्य विचारा. केवळ विकत आणलेल्या मांसावर शिकणाऱ्याला पहिली 45 मिनिटे कधीच पाहायला मिळत नाहीत.

तुम्ही मांस खात नाही, ही मोजमापाच्या कामात अडचण नाही. चवीची परीक्षा प्रशिक्षित परीक्षकांचा गट करतो, आणि प्रयोग आखणाऱ्याने स्वतः त्या गटात बसू नये, हाच संकेत आहे, कारण कोणता नमुना कोठला, हे त्याला ठाऊक असते. कत्तलीच्या जागी उभे राहणे मात्र टाळता येणार नाही. म्हणून अर्ज भरण्याआधी परवानगी काढून एक पूर्ण दिवस अशा ठिकाणी घालवा. जनावरे उतरवण्यापासून शीतगृहाचे दार बंद होईपर्यंत थांबा, आणि शक्य झाल्यास सामूमापक घेऊन तेथील तंत्रज्ञाबरोबर स्वतः नोंदी करा. त्या दिवसानंतरही हा विषय हवासा वाटला, तर अर्ज करा. नाही वाटला, तर हेच रसायनशास्त्र दूध किंवा धान्याच्या गुणवत्तेच्या प्रयोगशाळेतही उपयोगी पडते.