लोकलने नेता येईल असा बेस गिटारचा कॅब आणि ॲम्प कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता डोंबिवलीला, जॅम दादरला, महिन्यातून दोनेक शो आणि सगळी ने-आण लोकलने. १५ वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प ड्रमरपुढे ऐकूच येत नाही. बारा इंची एका स्पीकरचा कॅब (म्हणजे स्पीकरचं खोकं) घ्यावा की दहा इंची दोनांचा, ॲम्प किती वॉटचा, आणि मित्राकडे धूळ खात पडलेला दहा इंची दोनांचा कॅब पुढे त्याला जोडता येईल का?

मी आत्ता ८ ओहमचा (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध) एक बारा इंची कॅब आणि ४ ओहमवर ५०० वॉट देणारं क्लास-डी हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा हलका ॲम्प, घेतलं असतं. पुढे पैसे साठले की तोच कॅब, तेच मॉडेल, आणखी एक.

पहिलं कारण वजन. निओडिमियम चुंबकाचा बारा इंची कॅब साधारण ११ ते १५ किलोचा मिळतो, हेड दोन-तीन किलोचं. बेस पाठीवर, हेड गिगबॅगच्या कप्प्यात, कॅब एका हातात आणि दुसरा हात दांड्याला. दहा इंची दोनांचा कॅब आवाजाला वाईट नाही, पण संध्याकाळी सातला दादरच्या जिन्यावर तो मांडीवर आपटत चढवून बघा. मी चढवलाय. पुढच्या काकूंच्या पोटरीला कोपरा लागला आणि पार वरच्या पायरीपर्यंत माझा उद्धार चालू होता.

आता वॉट. दुकानदार आकडा मोठा सांगतो आणि आपण भुलतो. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो; कानाला ‘दुप्पट’ वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. उलट तसाच दुसरा कॅब जोडला की ८ आणि ८ ओहम मिळून ४ होतात, ॲम्प जास्त वॉट सोडतो, शिवाय हवा ढकलायला दोन पडदे येतात. दोन्ही मिळून ६ डेसिबलच्या आसपास फायदा. फेंडरच्या रंबल ५०० कॉम्बोचंच (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) बघा: एकटा असताना ३५० वॉट, बाहेरून ८ ओहमचा कॅब जोडला की ५००. म्हणून पहिला कॅब ८ ओहमचाच घ्या. ४ ओहमचा घेतलात तर बहुतेक हेडना तिथेच पूर्णविराम. त्यात ८ चा आणखी जोडला की २.६७ ओहम होतात, आणि हेडच्या मागे ‘किमान ४’ लिहिलेलं असेल तर ते गरम होऊन बंद पडणार, नाहीतर कायमचं जाणार. हेडच्या मागे दोन सॉकेट असली तरी गणित तेच. ती आतून समांतरच असतात.

मित्राचा कॅब ८ ओहमचा असेल तर जोडता येईल, पण जोडी विजोड. दोन्ही कॅबना वॉट सारखेच मिळतात. त्याच्याकडे ते दोन स्पीकरांत वाटले जातात, तुमच्याकडे सगळा भार एकट्या बारा इंचीवर, म्हणजे आधी तुमचाच कुरकुरणार. शिवाय वेगळ्या बनावटीचे कॅब काही सुरांना एकमेकांचा आवाज खातात. ई तारेवर घुमतंय आणि ए तारेवर तीन पट्ट्या वर गेलं की सूर गायब, असं झालं तर बोटांना दोष देऊ नका.

लहान कॅबकडून पोटात घुमणारा खर्ज मात्र मागू नका. लहान खोकं, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतात. स्पीकर बनवणारे याला हॉफमनचा नियम म्हणतात. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची. तिथे लहान कॅब बऱ्यापैकी हात टेकतो, आपल्याला ऐकू येतो तो मुख्यतः ८२ हर्ट्झचा वरचा सूर. ॲम्पवर बेसचं बटण पिळून काही साधत नाही, पडदाच फडफडतो. हॉलमध्ये डीआयची वायर (ॲम्पमधून थेट मिक्सरला जाणारी) साउंडवाल्याला द्या, खर्ज त्याच्या सबमधून, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरमधून, येईल. तुमचा कॅब तुमच्यासाठी आणि ड्रमरसाठी. दोन कॅब झाले की एकावर एक ठेवा, शेजारी-शेजारी नको. वरचा कानाच्या जवळ येतो आणि कमी आवाजात भागतं.

हेड आणि कॅबच्या मध्ये गिटारची केबल लावू नका, दिसायला जॅक सारखाच असला तरी. गणपतीत एका मंडळाच्या स्टेजवर घाईत मी लावली होती. तिसऱ्या गाण्याला आवाज तुटायला लागला, जॅकला हात लावला तर चटका बसला. आत केसासारखी तार असते, ती एवढा प्रवाह कुठून सोसणार? स्पीकॉनची (फिरवून घट्ट बसणाऱ्या स्पीकर-प्लगची) जाड केबल घ्या.

जुना कॅब बघायला जाल तेव्हा मल्टिमीटर न्या. मागची पाटी पुसली असेल तर ओहम मोजा: ५.५ ते ६.५ च्या दरम्यान दाखवला तर कॅब ८ चा, ३ च्या थोडं वर असेल तर ४ चा. आणि स्वतःचा बेस घेऊन जा. मोकळी ई तार जोरात वाजवा, मालक बोलत असेल तर त्याला जरा थांबवा, आणि कान जाळीला लावून खरखर येतेय का बघा.